बसमधली घरची बॅटरी

मंगळवार, ३० एप्रिल

ही वही ग्लेनिसची. अकरा वर्षं आमची राहायची बस, म्हणजे मोटरहोम, घेऊन आम्ही जिथं जिथं गेलो त्याची नोंद ती हिच्यात करायची. मी कधी उघडून बघितली नाही. लिहिणं तिचं खातं, गाडी चालवणं माझं. काल टोनियानं, आमच्या लेकीनं, ती वॉर्डात आणून दिली. ग्लेनिसनं डाव्या हातात पेन धरून एक रेघ ओढून बघितली, ती भलतीकडेच गेली. मग वही माझ्याकडे सरकवली. "तू लिही," म्हणाली. दोन शब्द बाहेर पडायला अर्धं मिनिट लागलं.

तिला मेंदूचा झटका येऊन तीन आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय लुळा पडलाय. बोलणं एकेका शब्दानं. कळतं मात्र सगळं. मी म्हटलं, "अगं, मी काय लिहिणार? त्यापेक्षा खांबावर चढ म्हण, चढतो." चाळीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो मी. हातात पक्कड असायची, पेन नाही. तिनं नुसतं बघितलं. आता बायकोनं सांगितलंय म्हटल्यावर करतो काय! मागची पानं कोरी आहेत, तिथून लिहायला लागलो.

तर पहिली नोंद. डॉक्टरांना विचारलं, जूनमध्ये हिला बसनं बेनमोरला नेऊ का? ते म्हणाले, "बघू या, मिस्टर स्ट्रँग." नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवार, ३ मे

राणीच्या वाढदिवसाची सुट्टी जूनच्या पहिल्या सोमवारी. त्या सुट्टीला बेनमोर तळ्यावर जायचं, हा आमचा अकरा वर्षांचा नेम. उन्हाळ्यात तिथं नुसती जत्रा असते, बोटींची घरघर आणि पोरांची किंचाळी. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, चिटपाखरू नाही. विजेचा खांब नाही, नळ नाही. सकाळी गवत दहिवरानं पांढरं होऊन कडक झालेलं, समोर तळं, आणि आम्ही दोघं. ग्लेनिसला फार आवडतं. म्हणजे नको असं ती कधी म्हणाली नाही.

घोडं अडलंय ते विजेवर. बसला दोन बॅटऱ्यांचे संसार असतात. एक इंजिनाचा आणि दुसरा घरचा. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज यांच्यासाठी. आमच्या घरच्या बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या, शिशाच्या, पाणी घालायच्या. त्यांच्यातून वायू सुटतो म्हणून बाहेरच्या खणात ठेवलेल्या. त्या दोघींवर मी अकरा वर्षं काढली, मधे एकदाच काय ती जोडी बदलली. मुक्कामावर संध्याकाळी पाच वाजता सगळे मोटरहोमवाले खुर्च्या बाहेर मांडून बिअर घेऊन बसतात आणि पुरुषांच्या गप्पा फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. तू दिवसाला किती वीज जाळतोस? कुणी म्हणतो शंभर अँपिअर, कुणी ऐंशी. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि शेवटी हळूच म्हणायचो, "पंधरा." सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. एकदा एका बाईनं ग्लेनिसला विचारलं, "पंधरात कसं गं भागवतेस?" ग्लेनिस म्हणाली, "मी लवकर झोपते." काय हसलो होतो सगळे!

पण आता तिला थंडी सोसत नाही. उजवा हात सारखा गार पडतो, नर्स हातमोजा घालतात. म्हणजे गादीवर विजेचं ब्लँकेट हवं. जुन्या बॅटऱ्यांवर ते लावलं तर दोन तासांत अंधार. म्हणून आज बसून यादी केली. ब्लँकेट सात तास. पायांसाठी छोटा हीटर. तिला व्यायामासाठी दिलेल्या यंत्राचा चार्जर. वाचायला चांगला दिवा. केस वाळवायचं मशिन, कारण ओले केस आता चालायचे नाहीत. बेरीज केली, दिवसाला एकशे चाळीस अँपिअर. दोनदा तपासली. बरोबर आहे.

टोनिया सूप घेऊन आली होती. यादी बघून म्हणाली, "डॅड, बसला तीन पायऱ्या आहेत."

"पायऱ्यांचं बघतो मी."

"आई एका पायावर उभीसुद्धा राहत नाही अजून."

"अजून ना? मे चाललाय. महिना आहे."

ती भांडी विसळायला लागली. आईसारखीच आहे. वाद घालायचा नाही आणि नळ मात्र जोरात सोडायचा.

मंगळवार, ७ मे

हेमीच्या दुकानात गेलो होतो. हेमी पराता, बॅटऱ्या आणि गाडीची वायरिंग करतो. त्याचा बाप वायरेमू माझ्याच गँगमध्ये होता, पोरगा शेंबडा होता तेव्हापासून ओळखतो. आता स्वतःच पन्नाशीचा, अंगानं असा रुंद की दारातून तिरका होऊन आत येतो, पण अजून मला अंकल नेवच म्हणतो.

मी म्हटलं, "शिशाच्याच चार मोठ्या दे. नव्या भानगडी नकोत."

"अंकल, चार शिशाच्या म्हणजे सव्वाशे किलो. बस वाकेल, तुमची कंबर मोडेल, आणि त्यातली निम्मीच वीज वापरायला मिळणार. त्याखाली गेलात की त्या मरतात. लिथियम घ्या. दोनशेच्या दोन. वजन निम्म्याहून कमी, तळापर्यंत खरवडून वापरा, आणि दहा वर्षं बघायला नको."

"खणात बसतील?"

"बाहेरच्या खणात नाही ठेवायच्या. लिथियमचं एवढं एकच नाटक आहे. गोठणबिंदूखाली तिला चार्ज करायला गेलात की ती आतून खराब होते, आणि परत सुधारत नाही. बेनमोरची थंडी तिला बाहेर सोसायची नाही. तिला आत घ्या, उबेत. वायू सोडत नाही, उशाशी ठेवलीत तरी चालेल."

"आत कुठं जागा आहे रे बाबा?"

"पलंगाखाली, आंटीच्या बाजूला. खण बरोबर मापाचा आहे, दोन बोटं शिल्लक राहतील."

"तुला काय माहीत?"

हेमी काउंटर पुसायला लागला. मग म्हणाला, "आंटी आली होती एकदा. सहासात वर्षं झाली. विणकामाची टेप घेऊन खण मोजून आली होती, कागदावर लिहून. ब्लँकेट चालेल का विचारत होती. मी म्हटलं, आरामात चालेल. म्हणाली, नेवला सांगू नकोस, मीच बघते त्याचा मूड कसा आहे ते."

आता बोला! माझ्या बसचं माप माझ्या पाठीमागं. मी म्हटलं, "मला नाही कधी बोलली." हेमी म्हणाला, "असेल, अंकल." आणि मग विचारलं, "आंटी घरी कधी येणार?" मी म्हटलं, जूनपर्यंत. त्यानं मान हलवली आणि बॅटऱ्या मागवतो म्हणाला.

बाई हुशार, यात वादच नाही. माप बरोबर निघालं, आज मी स्वतः मोजून बघितलं.

गुरुवार, ९ मे

एक शंका राहिली होती. बाहेर उणे असतं, पण बसच्या आत पलंगाखाली किती जातं? शून्याखाली जात असेल तर आत ठेवून तरी काय उपयोग? मग आठवलं, ग्लेनिस खिडकीजवळच्या थर्मामीटरवर रोज सकाळी नजर टाकायची. वहीचा पुढचा भाग उघडला आणि फक्त जूनची पानं चाळली. सगळं आहे. "बेनमोर. आत तीन अंश." "आत दोन." "आत एक, खिडकीला आतून बर्फ." एका वर्षी "शून्य" आहे, पण ते एकदाच.

म्हणजे काठावर पास. तरीही हयगय नको. खणाला आतून फोमचं अस्तर लावायचं ठरवलं, सगळ्या बाजूंनी. एवढ्या महागाची वस्तू थंडीत उघडी ठेवायची म्हणजे गाढवपणा झाला.

सोमवार, १३ मे

बॅटऱ्या आल्या. आज जुन्या काढल्या. एकीचं वजन एकतीस किलो, दुसरीचंही तेवढंच, आणि माझं वय एकाहत्तर. कंबर धरून बसलो होतो अर्धा तास. जोडणीच्या खिळ्यांवर हिरवी बुरशी चढली होती. उघडून बघितलं तर एकीच्या दोन कप्प्यांत पाणीच नाही. या बॅटऱ्या निदान तीन वर्षांपूर्वी गेलेल्या असणार. आम्ही पंधरावर चालवत होतो ते मी काटकसर करत होतो म्हणून की त्यांच्यात उरलीच होती पंधरा, देव जाणे. हे कुणाला सांगायचं नाही.

ग्लेनिसचा खण रिकामा केला. लोकर, शब्दकोडी, रबराची गरम पाण्याची पिशवी, लोकरीचे हातमोजे दोन जोड. आणि पेन्सिल सेलची पाकिटं, एकावर एक रचून ठेवलेली. ती डोक्याला दिवा बांधून पांघरुणात पुस्तक वाचायची, त्याचे सेल. मी हसायचो, म्हणायचो, खाणीत कामाला निघालीस का? सगळं एका खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवलं.

मंगळवार, १४ मे

खणाला फोम, त्यावर फळी. बॅटऱ्या पट्ट्यांनी आवळून बोल्टनं जमिनीला धरल्या. ब्रेक लागला की वीस किलोची वस्तू पुढे उडी मारते, आणि तिच्यापुढे कोण बसलंय हे ती विचारत नाही. बोटाएवढी जाड वायर, टोकांना तांब्याच्या लग, म्हणजे वायरीच्या टोप्या. त्या दाबायचं यंत्र हेमीकडून आणलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज. एकही सांधा हातानं ओढून बघितल्याशिवाय पुढे गेलो नाही.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. तिला काही सांगितलं नाही, बस तयार झाली की थेट दाखवायची. ती व्यायाम करून दमली होती. हातात हात घेतला तर म्हणाली, "तेल." माझ्या बोटांना ग्रीसचा वास येत होता. चेहऱ्यावर थोडं हसू होतं, डाव्या बाजूला.

बुधवार, १५ मे

आज चार्जर. इंजिनाचा डायनामो सरळ लिथियमला जोडून चालत नाही. ती इतक्या हावरटपणे वीज ओढते की डायनामो जळतो. मधे एक डबा लागतो, तो दोघांनाही आवरतो. छपरावरच्या सोलर पत्र्यांचा जुना कंट्रोलर काढून नवा घातला. दुपारी हेमी येऊन सगळं बघून गेला. म्हणाला, "अंकल, इतकं नेटकं काम माझी माणसंसुद्धा करत नाहीत." मी म्हटलं, "तुझ्या बापानं शिकवलंय." खरं म्हणजे मीच शिकवलंय त्याच्या बापाला.

गुरुवार, १६ मे

झालं! चार दिवसांत. दुपारी ब्लँकेट पसरलं आणि लावलं. खरी परीक्षा म्हणून बूट काढून पलंगाच्या तिच्या बाजूला आडवा झालो. दहा मिनिटांत गादी उबदार झाली, अशी की उठावंसं वाटेना. हीटर लावला, दिवा लावला, केसांचं मशिनसुद्धा लावून बघितलं, टकलावर. मीटरचा काटा शंभरावरून सत्त्याण्णववर आला, बस.

तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजले होते. अकरा वर्षांत पलंगाच्या या बाजूला मी कधी झोपलो नव्हतो. दाराच्या फटीतून वारा येतो, बरोबर कानावर. उद्या रबराची पट्टी लावून टाकतो.

रविवार, २६ मे

आज दाखवली तिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी दोन तासांची सुट्टी दिली, बस इस्पितळाच्या आवारातच उभी करायची या अटीवर. व्हीलचेअर पायऱ्यांवरून जाईना. हेमी आला होता. तो म्हणाला, "आंटी, माझ्या मानेभोवती हात टाका, लग्नातल्यासारखं," आणि सरळ उचलून आत नेलं. ती हसली. पलंगावर तिच्या बाजूला बसवलं, टोनिया शेजारी आधाराला.

मी अर्धा तास आधीच ब्लँकेट लावून ठेवलं होतं. तिचा डावा हात धरून गादीवर ठेवला. "बघ," म्हटलं. तिनं हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. मी तिला मीटर दाखवला, सांगितलं की रात्रभर ब्लँकेट, हीटर, वाचायचा दिवा, सगळं चालू ठेवलं तरी सकाळी निम्म्याच्या वर शिल्लक राहील. सांगितलं की तूच मोजलेल्या खणात बसवल्यात, हेमीनं चहाडी केली. हेमी म्हणाला, "सॉरी, आंटी."

ती म्हणाली, "किती?"

मी म्हटलं, "चारशे अँपिअर."

तिनं मान हलवली. "किती... दिवस?"

"लावायला? चार! एकट्यानं, या कंबरेनं. दोघं असतो तर तीनच लागले असते."

"चार," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "चार दिवस." एवढं सलग ती महिन्याभरात बोलली नव्हती. मला आनंद झाला, मी टोनियाकडे बघितलं. टोनिया खिडकीबाहेर बघत होती.

मग ग्लेनिसनं गादीवरचा हात काढून घेतला. "बाहेर," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, अजून तास आहे, चहा करतो, केटलही चालते आता." "बाहेर." आणि रडायला लागली, आवाज न करता. हेमीनं तिला उचलून खुर्चीत ठेवलं. तोही माझ्याकडे न बघता गेला.

तिला कळ आली असेल. मी फारच घाई केली का?

सोमवार, २७ मे

नर्सला विचारलं. ती म्हणाली, झटक्यानंतर माणसं हळवी होतात, कारण नसताना रडू येतं, मनाला लावून घेऊ नका. तसं असेल तर ठीक आहे.

परत येताना टोनिया गाडी चालवत होती. घराच्या फाटकाशी थांबल्यावर म्हणाली, "डॅड, तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"काही नाही."

"बोल की! आई बोलू शकत नाही, निदान तू तरी बोल."

ती म्हणाली, "आई बोलू शकत होती, तेव्हाचं काय?" आणि मी उतरलो न उतरलो तोच गाडी सुरू केली.

सोमवार, ३ जून

राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. अकरा वर्षांत पहिल्यांदा घरी. वॉर्डात जाऊन आलो, ग्लेनिस भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. झोपलेली होती की नाही, माहीत नाही.

दुपारी अंगणात बसमध्ये जाऊन बसलो. टोनियाचं बोलणं आठ दिवस डोक्यातून जात नव्हतं. शेवटी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. या वेळी फक्त आकडे नाही, सगळं.

पहिला जून. "बेनमोर. आत तीन अंश. तळं सुंदर. नेवला म्हटलं, एक विजेचं ब्लँकेट घेऊ या का. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू."

दुसरा जून. "आत दोन. परत विचारलं. म्हणाला, वीज विसरायलाच तर इथं येतो आपण."

तिसरा. "आत एक. खिडकीला आतून बर्फ. नेव छान झोपला. खण भरलाय, जागाच नाही म्हणतो."

चौथा. "संधिवातानं बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले उबेत राहा. नेवला सांगितलं. म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की."

पाचवा. "हेमी म्हणाला, पलंगाखालच्या खणात बसेल. नेवला सांगायला गेले, तो बाहेर सगळ्यांना पंधरा अँपिअरचं सांगत होता. टाळ्या पडल्या. राहू दिलं."

सहाव्या जूनला फक्त "आत शून्य" एवढंच. त्यानंतर प्रत्येक जूनला फक्त आकडा. विचारणं तिनं बंद केलं होतं. मला वाटलं होतं, तिला सवय झाली. मी लोकांना सांगायचोसुद्धा, आमच्या ग्लेनिसला थंडी बाधत नाही.

गेल्या महिन्यात हीच पानं मी बघितली होती. हेच आकडे. बॅटरीला चालेल की नाही म्हणून. लिथियमला शून्याखाली एक अंशही सोसणार नाही म्हणून मी तिच्याभोवती फोम लावला. त्याच जागेवर दीड हात वर माझी बायको अकरा वर्षं झोपत होती, हातमोजे घालून.

चार दिवसांचं काम होतं. चार दिवसांचं! चाळीस वर्षं डोंगरापलीकडच्या एकेकट्या घरापर्यंत वीज नेली मी, बर्फात खांब उभे केले, लोक बाहेर येऊन चहा पाजायचे, हात धरायचे. आणि घरचं माणूस गारठत होतं तर मला त्याचा अभिमान वाटत होता. लाज वाटते. लिहितानाही लाज वाटते.

शुक्रवार, १४ जून

इस्पितळात बैठक झाली. डॉक्टर, फिजिओ, टोनिया, मी. ग्लेनिसही होती, खुर्चीत. डॉक्टर सरळ बोलले. सुधारणा थांबलीये. घरी नेता येणार नाही, उचलायला दोन माणसं लागतात, दिवसरात्र. शुश्रूषागृहात हलवावं लागेल. मी बेनमोरचं विचारलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "लांबचा प्रवास आता नाही, मिस्टर स्ट्रँग. सॉरी."

मी ग्लेनिसकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला हे आधीपासून माहीत होतं. टोनियाला, हेमीला, सगळ्यांनाच माहीत होतं. यादी करणारा मी एकटाच होतो.

टोनियानं बाहेर आल्यावर माझा हात धरला. मी म्हटलं, "वही वाचली मी." ती म्हणाली, "मला वाटलंच." मग आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभं राहून रडलो, दिवसाढवळ्या, जाणारे-येणारे बघत होते.

गुरुवार, २० जून

शुश्रूषागृहात खोली मिळाली. चांगली आहे. भिंतीतून गरम पाण्याचे पाइप जातात, चोवीस अंश असतं आत. मी कोट काढूनच बसतो. आज काही बोललो नाही. धीर झाला नाही.

हेमीला विचारलं, बॅटऱ्या परत घेतोस का? म्हणाला, "अंकल, आत्ता काही ठरवू नका. त्या कुठं पळून जात नाहीत."

शनिवार, २२ जून

आज बोललो. दुपारी तीनला पोचलो तेव्हा ती खुर्चीत होती, खिडकीपाशी. मी समोर बसलो. घरून सगळं जुळवून आलो होतो, पाठ करून, आणि तोंड उघडल्यावर काहीच आठवेना.

म्हटलं, "ग्लेन, वही वाचली. पहिल्यापासून."

तिनं मान वळवली.

"जागा होती. पैसेही होते. तू विचारायचीस आणि मी पुढच्या वर्षी म्हणायचो, कारण मला पाच वाजता खुर्चीत बसून पंधरा म्हणायचं असायचं. बाकी काही कारण नव्हतं. माझं चुकलं."

तिनं डावा हात मांडीवरून उचलला आणि माझ्यासमोर धरला. पाच बोटं उघडली. मूठ मिटली. परत पाच बोटं. परत मूठ. मग एक बोट.

"अकरा," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. अगदी स्पष्ट, अडखळली नाही.

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. मी काही चुकलो की ती म्हणायची, असू दे, नेव. गाडी ठोकली तेव्हा, तिच्या आईच्या शेवटच्या दिवशी मी मासे पकडायला गेलो होतो तेव्हा, दर वेळी. आज मी ते ऐकायला थांबलो होतो. ती म्हणाली नाही. तिच्या जिभेला तेवढं जमलं असतं, मला माहीत आहे. ती म्हणाली नाही, आणि म्हणायला नकोच होतं.

मला तिच्याकडे बघवेना. उठलो, टोपी घेतली, म्हटलं, "उद्या येतो."

"थांब," ती म्हणाली.

मी टोपी खाली ठेवली आणि परत तिच्यासमोर बसलो. जेवणाची गाडी यायला अजून दोन तास होते.